‘ध’चा ‘मा’

पुण्यात वाढलेल्या मुलाला ‘ध’चा ‘मा’ कोणी मुद्दाम शिकवत नाही. तो त्याला आपोआप येतो. शनिवारवाड्याच्या पटांगणातून आजोबांचे बोट धरून जाताना कधीतरी तो कानावर पडतो आणि जन्मभर तिथेच राहतो. ‘नारायणरावांस धरावे’ असा हुकूम होता, आनंदीबाईंनी त्यातले एक अक्षर बदलले, ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी अठरा वर्षांच्या पेशव्याला त्याच्याच वाड्यात कापून काढले. अक्षराची गोष्ट दंतकथा असू शकेल. खून मात्र खरा.

मला लहानपणी त्या अक्षरापेक्षा गारदीच अधिक छळत. ते काही तट चढून आलेले शत्रू नव्हते. पेशव्यांचा पगार खाणारे, वाड्याच्या पहाऱ्यावरचे लोक. मी आजोबांना विचारले होते, “चोर बाहेरून आला तर दार लावता येते. पण दारावरचा माणूसच फिरला, तर काय लावायचे?” आजोबा म्हणाले, “तुला भेळ हवी आहे ना? मग मुकाट्याने चाल.” भेळ मिळाली, उत्तर राहिले. ते मला यंदाच्या श्रावणात मिळाले, पासष्ट वर्षे उशिरा, आणि तेही माझ्या पुतणीकडून.

मी पेठेतल्या एका जुन्या वाचनालयाचा मानद चिटणीस आहे. मानद म्हणजे पगार नाही आणि बोलणी मात्र सर्वांची खायची. चौतीस वर्षे सरकारी कचेरीत हिशेब तपासण्यात गेल्यामुळे ‘याला कागद कळतात’ असा माझ्याविषयी समज आहे, आणि त्याच भांडवलावर कार्यकारिणीने मला या खुर्चीत बसवले. वाचनालयाला चारपाच वर्षांपूर्वी एक संकेतस्थळ केले. म्हणजे मी केले नाही. आमच्याकडे संध्याकाळी देवघेवीच्या टेबलावर बसणारा, कॉलेजात शिकणारा एक मुलगा होता, त्याने केले. पुस्तकांची यादी, शोधायची सोय, गणेशोत्सवातल्या व्याख्यानांचे फोटो आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे दिवाळी अंक योजनेची नोंदणी. पुण्यातल्या मध्यमवर्गीय माणसाला दिवाळीत फराळ थोडा कमी पडला तरी चालतो. पण एका वर्गणीत पाऊणशे अंक वाचायला मिळण्याची योजना चुकली तर त्याला सण सुना वाटतो. शिक्षण संपल्यावर तो मुलगा हिंजवडीला नोकरीला लागला. जाताना त्याने एका वहीच्या चार पानांवर सगळ्या किल्ल्या, परवलीचे शब्द आणि ‘दर महिन्याला काय करावे’ याची यादी सुवाच्य अक्षरात लिहून मला दिली. मी ती वही कपाटात नीट कुलपात ठेवली. इतकी नीट, की पुढे ती मी उघडलीच नाही.

श्रावणातल्या एका दुपारी आमच्या बाई आल्या. बाई म्हणजे एका मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. वय ब्याऐंशी. आमच्या दिवाळी अंक योजनेच्या अगदी जुन्या सभासद. येऊन शांतपणे समोर बसल्या आणि म्हणाल्या, “चिटणीस, वर्गणी पुष्कळच वाढवलीत हो यंदा.”

मला काही कळेना. हळूहळू उलगडा झाला. नातवाने मोबाइल दिलेला. त्यावर त्यांनी आमच्या वाचनालयाचे नाव शोधले, पहिल्या ओळीवर बोट ठेवले आणि एक पान उघडले. त्यात ‘सभासदत्वाचे नूतनीकरण’ असे लिहिलेले होते आणि कार्डाचा क्रमांक मागितला होता. बाईंनी तो दिला. मोबाइलवर आलेला आकडाही दिला. खात्यातून नऊ हजार रुपये गेले. त्याला तीन आठवडे झाले होते. तीन आठवडे बाई ‘वर्गणी वाढली असेल’ असे स्वतःला समजावत होत्या, कारण पान आमचे होते. आम्ही फसवू असे त्यांच्या मनातही आले नाही.

मी ताबडतोब कचेरीतल्या संगणकावर आमचे संकेतस्थळ उघडले. सारे जागच्या जागी. तीच यादी, तेच फोटो, तीच योजना. मी पडदा बाईंकडे वळवला आणि म्हणालो, “हे पाहा. आमच्याकडे असले काही नाही. तुमचे बोट दुसरीकडे कुठे तरी पडले असेल.”

बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, पडद्याकडे पाहिले. “असेल हो,” म्हणाल्या. “आता दिसत नाही नीट.” आणि उठून गेल्या. त्या जिना उतरत होत्या तो आवाज मला अजून ऐकू येतो.

पुढच्या आठवड्यात आणखी दोघांची तीच तक्रार आली. त्यापाठोपाठ आम्ही ज्यांच्याकडे यंत्राची जागा भाड्याने घेतली आहे त्यांचे पत्र आले : ‘आपल्या संकेतस्थळावर एक संशयास्पद फाइल आढळली आहे.’ फाइलचे नाव होते, ती कुठे आहे ते होते, आणि तारीखही होती. तारीख चार वर्षांपूर्वीची, भाद्रपदातली. म्हणजे तो मुलगा आमच्याकडे कामाला होता तेव्हाची.

मी हिशेब तपासनीस. तारीख दिसली की माझे डोके पुढचा विचार थांबवते. मी ती फाइल पुसून टाकली, परवलीचा शब्द बदलला आणि त्या मुलाला फोन लावला. काय बोललो ते सगळे इथे लिहिण्याची लाज वाटते. एवढेच सांगतो की, “किल्ल्या अजून तुझ्याकडे आहेत ना?” असे मी विचारले, आणि ते प्रश्नासारखे विचारले नाही. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, “सर, तुम्ही तपासून बघा,” आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी पहाटे ती फाइल पुन्हा जागेवर हजर होती.

तेव्हा मी पुतणीला बोलावले. ती कोथरूडला घरी बसून कुठल्याशा परदेशी कंपनीचे सर्व्हर सांभाळते. म्हणजे काय, हे मी आजवर कधी विचारले नव्हते. लग्नाच्या बायोडाटात ‘संगणक अभियंता’ एवढे लिहिले होते, ते पुरेसे वाटले होते. रविवारी ती आली, चहाचा कप बाजूला ठेवला आणि म्हणाली, “काका, तुम्ही उंदीर मारलात. बीळ तसेच आहे.”

तिने मला जे समजावले ते मी माझ्या भाषेत सांगतो, कारण तिच्या भाषेत मला ते दोनदा ऐकूनही कळले नव्हते. संकेतस्थळ म्हणजे दूर कुठे तरी भाड्याच्या यंत्रावर ठेवलेला आपला दप्तरखाना. सर्व्हर म्हणजे त्या दप्तरखान्याच्या खिडकीशी बसलेला कारकून. वाचक मागेल ते पान तो काढून देतो. आता त्या दप्तरखान्यात दोन जातींचे कागद असतात. काहींत नुसती माहिती असते, जसे फोटो किंवा मजकूर. काहींत हुकूम असतात : ‘वाचकाने लेखकाचे नाव दिले तर यादीत शोध आणि उत्तर लिही.’ कारकून मोठा आज्ञाधारक. हुकमाचा कागद हाती आला की तो अमलात आणतो. कागद कोणी ठेवला, हे विचारणे त्याच्या स्वभावात नाही. चोराची सारी विद्या एवढीच, की माहितीच्या गठ्ठ्यात हुकमाचा एक कागद सरकवून ठेवायचा.

आमच्याकडे तो कागद व्याख्यानांच्या फोटोंत ठेवला होता. नाव फोटोचे, आत फोटो नाही. पुतणीने तो उघडून दाखवला. अगम्य अक्षरांची एक लांबलचक माळ होती. ती तिने सोडवली, तेव्हा त्यातून निघालेला अर्थ एका ओळीचा होता : ‘बाहेरून जो हुकूम येईल, तो पाळ.’

“एवढेच?” मी म्हणालो.

“एवढे पुरते,” ती म्हणाली. “रायगडाला महादरवाजा आहे, तशी चोरदिंडीही आहे ना? ती किल्लेदाराने स्वतःसाठी ठेवलेली. ही चोरदिंडी शत्रूने स्वतःसाठी ठेवलेली. एकदा ती झाली, की तुम्ही महादरवाज्याला कितीही कुलपे लावा. तुम्ही परवलीचा शब्द बदललात, पण त्याला तो लागतोच कुठे?”

“मग मला ते खोटे पान का दिसले नाही?”

तिने माझा मोबाइल घेतला, शोधयंत्रात वाचनालयाचे नाव घातले आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवले. माझ्या डोळ्यांदेखत ‘सभासदत्वाचे नूतनीकरण’ असे पान उघडले. मग तिने कचेरीतल्या संगणकावर तेच पान उघडले. सारे आलबेल. “तुम्ही इथून चिटणीस म्हणून आत शिरता,” ती म्हणाली, “ते त्याला ओळखू येते. मालक दिसला की तो साळसूद होतो. मोबाइलवरून, शोधयंत्रातून येणारा परका माणूस दिसला, की त्याला भलत्या गल्लीत नेऊन सोडतो.”

बाईंचे बोट कुठेही चुकले नव्हते. चष्माही बरोबर होता. चूक पाहत होतो तो मी.

हा मालकासमोर साळसूद होण्याचा प्रकार काही आमच्यासाठी खास शोधलेला नव्हता. २०१३ साली जगातल्या शेकडो सर्व्हरांवर एक विलक्षण चोरदिंडी सापडली. सुरक्षा तज्ज्ञांनी तिला ‘सीडॉर्क्ड’ असे नाव दिले. तिथे चोराने दप्तरखान्यात कागद सरकवला नव्हता. त्याने खिडकीवरचा कारकूनच बदलला होता. ‘अपाची’ नावाचा, जगभर वापरला जाणारा जो सर्व्हर, त्याचीच मूळ प्रत काढून तशीच दिसणारी दुसरी बसवली होती. आपल्या कारवायांची यादी ती तबकडीवर लिहून ठेवतच नसे, यंत्राच्या तात्पुरत्या स्मरणात ठेवी. चोराचा निरोप आला तर रोजच्या आवकजावकात त्याची नोंद करत नसे. पाहुणा व्यवस्थापनाच्या पानांकडे वळतो आहे असे वाटले, तर त्याला हातही लावत नसे. एकदा फसवलेल्याला पुन्हा फसवतही नसे, म्हणजे तक्रार करणाऱ्याला दुसऱ्यांदा दाखवायला काही उरत नसे. आणि कोणाला संशय येऊन ती फाइल काढायला गेलेच, तर पुष्कळ ठिकाणी तिच्यावर ‘हिला बदलू नये, पुसू नये’ असा शिक्का मारून ठेवलेला असे. तो शिक्का आधी उतरवावा लागे, तेव्हा कुठे ती हलत असे.

ऐकता ऐकता मला शनिवारवाडा आठवला. पगार पेशव्यांचा, तलवार दुसऱ्याची. “मग अशा वेळी ओळखायचे कसे?” मी माझा पासष्ट वर्षे जुना प्रश्न विचारला. “दारावरचा माणूसच फिरला तर?”

“त्याला विचारायचे नाही,” पुतणी म्हणाली. “मूळ हुकूम बाहेरून आणायचा आणि अक्षरन् अक्षर ताडून पाहायचे.”

हेच ते उत्तर. संगणकाच्या जगात कोणत्याही फाइलची एक खूण काढता येते. गणिताची एक ठरीव रीत आहे. फाइल तीत घातली, की अक्षरे आणि आकडे यांची एक ठराविक लांबीची ओळ बाहेर पडते. फाइल एका पानाची असो की हजार पानांची, ओळ तेवढीच. मात्र आतल्या ‘ध’चा ‘मा’ झाला, तर ओळ अशी पार बदलते की ओळखूही येऊ नये. मूळ बनवणाऱ्याकडून खरी प्रत आणायची, तिची खूण काढायची, आपल्याकडच्या प्रतीची काढायची आणि शेजारी शेजारी ठेवायची. जुळली तर ठीक. नाही जुळली, तर कोणीतरी कलम चालवले आहे. मात्र खूण काढणारे यंत्र चोराच्या ताब्यातले नको. नाहीतर गारद्यालाच गारद्याची साक्ष विचारल्यासारखे व्हायचे. म्हणून सगळी प्रत घरच्या संगणकावर उतरवून तिथे ताडायची.

राघोबादादांच्या काळी अशी सोय असती तर, असा विचार माझ्या मनात आला. पण ज्यांना फसवायचेच आहे ते खूणही जुळवत नाहीत, हेही त्याबरोबरच सुचले.

साफसफाई पुतणीने कशी केली, ते क्रमाने सांगतो. आपल्यापैकी कित्येकांच्या घरात कोणाचा दवाखाना असेल, कोणाचा क्लास असेल, कोणाचे मसाल्यांचे दुकान असेल, आणि त्यांचे संकेतस्थळही असेल. त्यांना उपयोगी पडावे.

पहिली गोष्ट, तिने संकेतस्थळ बंद केले, आणखी बाई फसू नयेत म्हणून. त्याजागी एक पाटी लावायला मला सांगितले. पाटी लिहिणे हे पुणेकराच्या हातचे काम. मी लिहिले : ‘आमच्याकडे चोर शिरला आहे. तो जाईपर्यंत येथे पैसे देऊ नयेत. दिल्यास वाचनालय जबाबदार राहील, पण देऊच नयेत.’ पुतणी हसली, पण तिने ती तशीच लावली.

दुसरी गोष्ट, काहीही पुसण्याआधी सगळ्याची जशीच्या तशी नक्कल काढून ठेवली, नोंदवहीसकट. माझी मोठी चूक इथेच झाली होती. मी रागाच्या भरात फाइल पुसली होती. पुसली म्हणजे पुरावा गेला, आणि चोर किती दिवस कुठे कुठे हिंडला तेही गेले. चोर उदार होता म्हणून त्याने ती परत आणून ठेवली, एवढेच.

तिसरी गोष्ट, ताडून पाहणे. मूळ प्रती उतरवून खुणा जुळवल्या, तेव्हा एक बीळ दिसत होते तिथे चार निघाली. एक, ती फोटोतली फाइल. दोन, येणाऱ्यांना कुठे पाठवायचे ते ठरवणाऱ्या एका छोट्या नियमपत्रात घुसवलेल्या पाच ओळी. मोबाइलवाल्यांना भलत्या गल्लीत नेणाऱ्या त्या याच. तीन, दर रात्री तीन वाजता आपोआप होणारे एक काम. ते उठे, फोटोतली फाइल जागेवर आहे का पाही आणि नसली तर पुन्हा आणून ठेवी. आणि चौथे बीळ पाहून माझ्या अंगावर काटा आला. व्यवस्थापकांच्या यादीत मी होतो, आणि माझ्या खाली आणखी एक मी होतो. नावात एकाच अक्षराचा फरक. दोन महिने मी ती यादी पाहत होतो आणि मला ते एकच नाव दोनदा छापल्यासारखे वाटत होते. ‘ध’चा ‘मा’ माझ्याच नावात झाला होता.

चौथी गोष्ट, ही बिळे एकेक करून बुजवत बसली नाही. “चार सापडली, पाचवे नसेलच कशावरून?” ती म्हणाली. तिने सगळेच काढून टाकले आणि नवी जागा घेऊन मूळ कार्यक्रम पुन्हा कोरे बसवले. पुस्तकांची यादी आणि सभासदांची नावे मात्र जुन्यातून घ्यावी लागली. ती तिने धान्य निवडावे तशी निवडली. फोटो तिने आमच्या कचेरीतल्या मूळ संचातून घेतले. जपून ठेवलेल्या जुन्या प्रती होत्या, पण चोर शिरल्यानंतरची प्रत म्हणजे चोरासकट प्रत, हे लक्षात ठेवावे लागते.

पाचवी गोष्ट, सगळ्यांचे सगळे परवलीचे शब्द बदलले, तेही स्वच्छ ठरलेल्या संगणकावरून. फोटोंच्या खोलीला नियम घातला : इथे ठेवलेला कागद दाखवायचा, त्यातला हुकूम पाळायचा नाही. एवढा एक नियम आधी असता, तर आमच्या फोटोतला तो कागद नुसता पडून राहिला असता. आणि सर्वांत शेवटी, ज्या फटीतून चोर आला ती फट बुजवली. हे राहिले तर आधीचे सगळे वाया. २०२१ साली अमेरिकेत एका टपाल-सर्व्हरमध्ये अशाच फटी निघाल्या आणि हजारो यंत्रांत चोरदिंड्या पडल्या. तिथल्या तपास यंत्रणेने न्यायालयाची परवानगी काढून शेकडो यंत्रांवरच्या चोरदिंड्या स्वतः काढून टाकल्या. पण फट बुजवणे मालकाचे काम म्हणून तसेच ठेवले, आणि तसे जाहीरही केले. सरकार झाडू मारून देईल, कडी आपणच लावायची.

आता त्या फटीविषयी. कार्यकारिणीच्या बैठकीआधी मी पुतणीला विचारले, “चार वर्षे हा माणूस आत होता?”

“कोण म्हणाले चार वर्षे?”

मी तारीख दाखवली. तिने माझ्याकडे असे पाहिले, की जसे मी कधी काळी मागची तारीख घातलेले व्हाउचर आणणाऱ्या कारकुनाकडे पाहत असे. “काका, ही तारीख हवी ती घालता येते. शेजारच्या फोटोंची जी तारीख होती, तीच त्याने या फाइलवर घातली, म्हणजे गठ्ठ्यात उठून दिसू नये. पण यंत्र आणखी एक तारीख स्वतः टाकते. फाइलच्या नोंदीत शेवटचा फेरफार कधी झाला, त्याची. ती इतक्या सहज खोटी करता येत नाही. परत आलेल्या फाइलवर ती याच आठवड्याची आहे, ते सोडा. पण त्या पाच ओळींच्या नियमपत्रावर बघा.” ती तारीख जूनमधली होती.

मग तिने आवकजावकीची नोंदवही उघडली. तीच तारीख. पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या ती रात्र. वाचनालयाच्या दिवाणखान्यात चाळीस वारकरी निजले होते, मी स्वतः दाराशी खुर्ची टाकून बसलो होतो आणि पहाटेपर्यंत जागा होतो. त्याच रात्री दोन वाजून सतरा मिनिटांनी, मी राखत असलेल्या दाराला वळसा घालून, परदेशातल्या कुठल्या तरी पत्त्यावरून एक कार्यक्रम आमच्या फोटो चढवण्याच्या खिडकीशी आला आणि तो कागद आत टाकून गेला. त्याला आमचे नावही माहीत नसावे. असे कार्यक्रम हजारो दारे ढकलत हिंडत असतात, उघडे सापडेल तिथे शिरतात. त्या फोटोच्या जोडकार्यक्रमात एक दोष होता : कोण ठेवतो आहे आणि काय ठेवतो आहे, हे तो विचारत नसे. दोष कळल्यावर बनवणाऱ्यांनी सुधारलेली आवृत्ती काढली होती, फेब्रुवारीतच. आमच्या पडद्यावर तशी सूचना येत होती. तिच्यावर दोन बटणे : ‘आत्ता’ आणि ‘नंतर’.

फेब्रुवारीपासून जूनपर्यंत मी दर वेळी ‘नंतर’ दाबले होते.

मी कपाट उघडले. कुलूप काढले. वहीच्या चौथ्या पानावर, ‘दर महिन्याला काय करावे’ यात पहिलीच ओळ होती : ‘सुधारित आवृत्ती आली की लगेच घ्यावी. नंतर म्हणू नये.’

कार्यकारिणीची बैठक वादळी झाली. अध्यक्षांचे म्हणणे, गाजावाजा नको, संस्थेची अब्रू जाईल. मी त्यांना पुण्याचाच दाखला दिला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये, ११ आणि १३ तारखेला, १९०६ साली स्थापन झालेल्या आपल्या कॉसमॉस बँकेवर असाच हल्ला झाला. एटीएममध्ये कार्ड घातले, की ‘पैसे द्यावे का?’ असा प्रश्न बँकेकडे जातो आणि बँकेचे यंत्र खाते पाहून उत्तर देते. चोरांनी मधेच आपला एक तोतया बसवला. प्रश्न आला की तोच खाते न पाहता ‘द्या’ म्हणे. २८ देशांतल्या एटीएमांतून सुमारे ७८ कोटी, भारतातून सुमारे अडीच कोटी आणि दोन दिवसांनी हाँगकाँगच्या एका खात्यात जवळजवळ १४ कोटी असे मिळून ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. तिथेही दारावरचा पहारेकरीच बदलला होता. पण बँक गप्प बसली नाही. तिने पोलिसांत फिर्याद दिली, ठेवीदारांना सांगितले, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले. “फिर्यादच नसती, तर शिक्षा कोणाला झाली असती?” मी विचारले. अध्यक्ष काही बोलले नाहीत. बोलले नाहीत याला आमच्याकडे संमती समजतात.

आम्ही पोलिसांच्या सायबर शाखेत तक्रार नोंदवली. ‘सर्ट-इन’ ही केंद्र सरकारची संस्था आहे. २०२२ पासूनच्या तिच्या नियमाप्रमाणे असा प्रकार कळल्यावर सहा तासांत तिला कळवायचे असते. आम्ही लाजत लाजत, उशिरा कळवले. सर्व सभासदांना पत्र धाडले. त्यात चोराला दोन ओळी आणि माझ्या ‘नंतर’ला एक पूर्ण परिच्छेद दिला. एक गोष्ट त्या पत्रात ठळक अक्षरांत छापली होती, ती इथेही सांगतो : पैसे गेल्याचे कळले, की त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर फोन करावा. चोराच्या खात्यातून पैसे पुढे सरकण्याआधी ते अडवता येण्याचा संभव असतो. तीन आठवड्यांनी नाही.

बाईंचे पैसे मिळाले नाहीत.

त्या मुलाला मी फोन केला नाही. ज्या वाटेने अपमान केला त्या वाटेने माफी मागू नये, असे मला वाटले. शनिवारी धायरीला त्याच्या घरी गेलो. त्याची आई दारात आली, तिने मला ओळखले आणि आत बोलावले, म्हणजे त्याने घरी काही सांगितले नव्हते. तो बाहेर आला. मी नोंदवहीच्या त्या पानाची छापील प्रत त्याच्यासमोर ठेवली आणि शेजारी त्याचीच वही, चौथे पान उघडून. म्हणालो, “बाळ, मी चौतीस वर्षे लोकांच्या तारखा तपासल्या आणि तुझ्या बाबतीत चोराने घातलेली तारीख खरी मानली.” त्याने बराच वेळ त्या कागदाकडे पाहिले. मग त्याचा पहिला प्रश्न आला, “सर, बाईंना त्रास झाला का हो? दर शनिवारी मला लिमलेटच्या गोळ्या द्यायच्या त्या.” मी मान हलवली. चोराने चार बिळे पाडली होती. पाचवे मी पाडले होते, आणि ते बुजवायला कोणतीही मूळ प्रत उपयोगी पडत नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आता तो आणि पुतणी वाचनालयात येतात. माझ्याकडून दर खेपेला ‘आत्ता’ दाबवून घेतात. जपून ठेवायची प्रत काढतात, आणि ती त्या यंत्रावर न ठेवता कपाटात ठेवतात. यादीतली नावे मोठ्याने वाचायला लावतात, अक्षरे मोजून.

बाईंकडेही गेलो. “बोट तुमचे चुकले नव्हते,” एवढे सांगायला मला पाच मिनिटे लागली. कार्यकारिणीने त्यांना यंदाची योजना विनामूल्य देऊ केली होती. त्यांनी ती नाकारली. देव्हाऱ्यातल्या डब्यातून नोटा आणि नाणी काढून वर्गणी माझ्या हातावर मोजली, पावती घेतली, पावतीवरची तारीख चष्मा लावून वाचली आणि मग म्हणाल्या, “मला पहिल्या खेपेला विनोदी अंक द्या. गंभीर मागाहून.”

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपल्याकडे नव्या केरसुणीची पूजा करतात. दागिन्यांच्या आणि नोटांच्या शेजारी ती का ठेवायची, हे लहानपणी मला कळत नसे. आई म्हणायची, “लक्ष्मी येते ती हिच्यामुळे, आणि टिकते तीही हिच्यामुळेच.” मध्यरात्री सूप वाजवून अलक्ष्मीला हाकलतात, तेही ऐकत आलो. पण नुसत्या सुपाच्या आवाजाने ती जात नाही, कोपरे झाडावे लागतात, हे यंदा समजले. या दिवाळीत वाचनालयातही पूजा आहे. पाटावर वह्या असतील, केरसुणी असेल आणि त्या मुलाची ती चार पानांची वही असेल. हळदकुंकू मी तिलाच पहिल्यांदा वाहणार आहे.